मृगाच्या आत भोकं बुजवा : साप, घुशी, उदमांजर आणि वानरं घराबाहेर ठेवायची रीत

सोलापूरच्या घरात रानातलं जनावर शिरतं त्याचं कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की माळावर ना सावली, ना पाणी. आपल्याकडे मात्र नळ काही दिवसांआड येतो म्हणून हौद भरलेला, बॅरल भरलेलं, गच्चीवरची टाकी ओसंडून भिंतीला ओल आलेली. त्यात वर्षाची ज्वारी घरात, शेंगदाण्याचं पोतं घरात. उंदराला आणखी काय पाहिजे? उंदीर आले की त्यांच्या मागावर धामण येते, नाग येतो, मुंगूस येतं. मग घरात आरडाओरडा, हातात काठ्या, फिनाईलचा सडा, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

वसाहतीप्रमाणे दुखणं बदलतं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूंना शेजारचा एखादा प्लॉट वर्षानुवर्षं मोकळा पडलेला असतो, वेड्या बाभळीनं आणि गाजरगवतानं माजलेला. गावठाणातल्या पेठांमध्ये दगडमातीच्या भिंतींचे, माळवदाचे म्हणजे मातीच्या सपाट छताचे वाडे. दगडांच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले भरलेले सांधे, गळून तिथं हात जाईल एवढ्या पोकळ्या झालेल्या. पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आणि कोपऱ्यात सुताच्या गुंतवळीचा ढीग, म्हणजे उंदरांचं बाळंतघरच. उपाय तिन्हीकडे एकाच क्रमानं करायचा: कोण आलंय ते ओळखा, वाट शोधा, दाणापाणी तोडा, आत असेल त्याला बाहेर जाऊ द्या, आणि मगच भोक बुजवा. बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. गवंडी आधी बोलावतात, जनावर आतच कोंडलं जातं, आणि चौथ्या दिवशी वासानं घरात बसवत नाही.

कायद्याचं एवढंच लक्षात असू द्या. साप, मुंगूस, घोरपड, उदमांजर, वानर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडून ठेवणं हा गुन्हा आहे. घरातले उंदीर आणि घुशी त्यात येत नाहीत, त्यामुळे आपला खरा जोर तिथंच लावायचा.

कोण आलंय?

आवाजाची वेळ बरंच सांगते. दिवसाउजेडी पत्र्यावर तुरुतुरु पळापळ चालली असेल तर ती खार. निजानीज झाल्यावर माळ्यावर धप्प धप्प, जणू कुणी अनवाणी माणूस चालतंय, असं वाटलं तर उदमांजर. कुरतडल्याचा बारीक, चिकाटीचा आवाज उंदराचा. तिन्हीसांजेला छताच्या फटीतून चिरचिर आणि मग एकेक काळी सावली बाहेर पडते ती वटवाघळं. सापाचा आवाज बहुधा येत नाही. त्याची कात सापडते, किंवा घरातले उंदीर एकाएकी गप्प होतात.

लेंड्या झाडून टाकायच्या आधी नीट बघा. वटवाघळाची आणि लहान उंदराची लेंडी दिसायला सारखीच. काडीनं दाबा. वटवाघळाची लगेच भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात. उंदराची तशी चुरत नाही. टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची. गच्चीच्या कठड्यावर किंवा माळवदावर रोज साधारण त्याच जागी बोराच्या, जांभळाच्या बिया असलेली विष्ठा पडत असेल तर उदमांजराचा मुक्काम जवळपास आहे. माळ्यावरचा असा ढीग कोरडा झाडू नका. नाकातोंडाला मास्क लावा, पाणी शिंपडून भिजवा, मग खरवडा. त्या धुळीनं फुप्फुसाचे आजार होतात.

तरीही उलगडा झाला नाही तर रांगोळी काढा. म्हणजे खरोखरच रांगोळीची पूड घ्या, पिठाच्या चाळणीनं संशयाच्या जागी रात्री पातळ पसरा, आणि सकाळी कुणी पाय टाकायच्या आत बॅटरी आडवी धरून बघा. सरळ वरून उजेड पाडला तर ठसा दिसत नाही. आडव्या उजेडात त्याची कड उठून दिसते. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधून शेपटीची सुतासारखी रेघ. मांजराच्या ठशात चार बोटं, नखं नाहीत. उदमांजराच्या ठशात पाच. मधोमध जाड नागमोडी रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे असतील तर घोरपड आलेली आहे. ती बिचारी बहुतेकदा कोंबडीच्या अंड्यांसाठी येते. पायाचा मागमूस नसलेला नुसता वळणावळणाचा पट्टा असेल तर त्या खोलीत पुढचा आठवडाभर कुणी जमिनीवर झोपू नये.

वाट शोधणं

घराभोवती दोन फेऱ्या मारा, एक दिवसा आणि एक रात्री. रात्रीच्या फेरीत घरातले सगळे दिवे लावून बाहेर उभं राहायचं. उजेडाची रेघ दिसेल तिथं फट. माप लक्षात ठेवायला सोपं आहे: पेन्सिल आत जाते तिथून घरातला लहान उंदीर जातो, आणि मण्यारीचं पिल्लूही. अंगठा जातो तिथून मोठा उंदीर.

खालून वर जा. पहिली जागा जोत्याची. सोलापुरात पुष्कळ घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, आणि घराभोवतीच्या कोब्याची, म्हणजे सिमेंटच्या पक्क्या पट्ट्याची, कड भिंतीपासून सुटते. वरून बोटभर दिसणारी ही फट आत हातभर खोल असते. घुशीला उकरायला आयती सुरुवात, सापाला आयतं गारव्याचं बीळ. आपल्याकडच्या नव्या बंगल्यांतली निम्मी तक्रार इथून सुरू होते असं माझं मत आहे, आणि नेमकी हीच जागा कुणी बघत नाही, कारण तिथं कुंड्या मांडलेल्या असतात. कुंड्या उचला. ताज्या, भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला आणि बिळाचं तोंड मूठ जाईल एवढं असलं तर ते घुशीचं.

मग सांडपाणी. मोरीचा पाइप उघड्या गटारीत सोडलेला आहे का? चेंबरचं झाकण फुटलंय का? नहाणीच्या जाळीचा तुकडा निघालाय का? उंदीर चांगला पोहतो, नहाणीच्या भांड्यातलं पाणी पार करून वर येतो. संडासात साप निघाला अशी बातमी ऐकली की बहुतेक वेळा बाहेरचं चेंबर उघडं असतं.

त्यानंतर भिंतीतली भोकं: एसीचा पाइप, गॅसची नळी, केबल, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनची चौकट, बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी. ही काचपट्ट्यांची खिडकी माणसाला खिडकी वाटते, जनावराला शिडी. बाहेर मधुमालती किंवा बोगनवेल चढलेली असेल तर विचारूच नका. तस्कर आणि कवड्या हे दोन्ही बिनविषारी साप असल्या वेलीवरून पहिल्या मजल्यावर सहज येतात. पत्र्याचं छत असेल तर पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांमधल्या अर्धगोल पोकळ्या मोजा. माळवदाच्या घरात पावसाच्या पाण्याची पन्हळं आणि धुराचे गवाक्ष बघा.

शेवटी दार. कितीही बंदोबस्त करा, मागच्या दाराखाली बोटभर फट ठेवली तर सगळं फुकट.

दाणापाणी तोडा

हे काम बिनखर्चाचं, म्हणून कुणाला महत्त्वाचं वाटत नाही. ज्वारी पोत्यात न ठेवता पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट. शेंगदाणे, पेंड, कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याची भाकरी, सगळं तसंच. रात्री कुत्र्याच्या ताटलीत उरलेलं अन्न उचला. खरकटं नाल्याकडेला फेकण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

सरपण, गोवऱ्या, विटांचा ढीग, जुने टायर, बांधकामातून उरलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. त्यांच्या मागची ती तिरकी, अंधारी, थंड जागा विंचवाला आणि घोणशीला फार आवडते. हे सामान भिंतीपासून चार-पाच फूट दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच, लोखंडी घोड्यावर रचा. फरशी उचलायची असेल तर कड आपल्या दिशेनं वर करू नका. पलीकडची कड उचला, म्हणजे खाली काही असलंच तर ते तुमच्यापासून लांब पळेल. कडब्याची गंजी घरालगत असेल तर पेंढी काढताना आधी काठीनं हलवा आणि मगच हात घाला. घोणस फुत्कारते, कुकरच्या शिट्टीसारखा तो मोठा आवाज आला की जागच्या जागी थांबून मागं सरायचं.

पाण्याचं म्हणाल तर साठवणूक टाळता येणार नाही, सोलापुरात तरी नाही. पण हौदाचं झाकण नीट बसवता येतं, ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी लावता येते, आणि बॅरलखालची कायमची ओल थांबवता येते. ओल तिथं बेडूक आणि बेडूक तिथं साप. अंगणातला पांढरा झगझगीत दिवा पिवळा करा. किडे कमी येतात, मग पाली आणि बेडूक कमी.

मोकळ्या प्लॉटचं गवत हे डोकेदुखीचं प्रकरण. मालक पुण्यात, फोन उचलत नाही. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत फोटो, आणि अर्जाची पोच घ्या. तोवर आपल्या कुंपणालगतचा निदान सहा फुटांचा पट्टा शेजाऱ्यांनी वर्गणी काढून साफ करून घ्यावा. गवत जाळू नका. आग लागली की त्यातलं सगळं तुमच्याकडेच धावतं.

उंदरांसाठी पिंजरा उत्तम. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ मळून गोळी करा आणि पिंजरा भिंतीच्या कडेला, भिंतीला लागून ठेवा. उंदीर खोलीच्या मधून कधी फिरत नाही. पहिल्या दोन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं, त्याला सवय होऊ द्यायची. विषाच्या मी विरुद्ध आहे. विष खाल्लेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो आणि सडतो, किंवा अर्धमेला असताना पिंगळ्याच्या, मुंगसाच्या, शेजारच्या मांजराच्या तोंडी लागतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर लहान मुलं असलेल्या घरात आणूच नका, ती यकृत निकामी करते. आणि चिकट पट्टीवर उंदरापेक्षा पाल, खार आणि सापाचं पिल्लूच जास्त चिकटतं. मग ते तडफडणारं जनावर सोडवायचं कुणी?

आत असेल त्याला बाहेर जाऊ द्या

भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच बसवा. तीन-चार रात्री तो जागेवरून हलला नाही तर बीळ किंवा पोकळी रिकामी आहे. हलला तर वस्ती आहे.

उदमांजर माळ्यावर असेल तर आधी पिल्लांचा आवाज येतो का ते ऐका. पिल्लं असतील तर ती चालती-फिरती होईपर्यंत थांबा. आई बाहेर आणि पिल्लं आत अशी कोंडली तर आई पत्रा उचकटून आत येते. पिल्लं नसतील तर माळ्यावर रात्रभर बल्ब लावा, रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवा. दोन-चार दिवसांत ते कंटाळून दुसरी जागा धरतं. मग त्याच्या वाटेवर एकेरी झडप बसवायची: जाळीचा चौकोनी तुकडा, वरची कड पक्की, खालची मोकळी, बाहेर ढकलला तर उघडेल पण आत उघडणार नाही असा. चार रात्री गेल्या, रांगोळीवर आतून ठसा नाही, की झडप काढून भोक बंद.

वटवाघळांना हीच युक्ती, फक्त जाळी बारीक आणि तीही फटीवर पडद्यासारखी सोडलेली. किडे खाणारं हे जनावर उपयोगाचं आहे, धुरानं कोंडून मारू नका. पारव्यांचं काय, डक्टला जाळी लावली की प्रश्न मिटला, तेवढं घरटं आणि अंडी नाहीत ना ते बघा.

आता बुजवा

उंदरासाठी नायलॉनची मच्छरजाळी निरुपयोगी, एका रात्रीत कुरतडतो. स्प्रेचा फोमही नुसता वापरला तर तोच प्रकार. वेल्डेड जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी आणा: घुशीसाठी अर्ध्या इंची चौकटीची, लहान उंदीर आणि सापाच्या पिल्लांसाठी पाव इंची. पाइपभोवतीच्या लहान फटीत भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरायची आणि वरून सिमेंट-वाळूचा एकास तीन माल लावायचा. नुसता माल लावला तर उंदीर तोही ओला असतानाच उकरतो. सोलापूरच्या उन्हात या कामावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं नाही तर तडा जाणारच, आणि गवंडी पाणी मारायला येत नाही. ते घरच्यांनीच करायचं.

जोत्याची फट मात्र सिमेंटनं भरू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडक सांधा दर वर्षी फुटेल. कोब्याची सुटलेली कड फोडून काढा. भिंतीला लागून फूटभर खोल चर खणा. जाळी भिंतीलगत उभी खाली सोडून तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवा, इंग्रजी एल अक्षरासारखी. घूस भिंतीलगत उकरत खाली येते, जाळीला थडकते आणि मागं सरून लांबून उकरायची अक्कल तिला नसते. चरात मुरूम भरून पाणी मारून चोपा. वर अडीच-तीन फूट रुंद नवा कोबा, उतार बाहेरच्या बाजूला. कोबा आणि भिंत यांच्यामधला सांधा डांबरानं भरा. डांबर लवचीक असतं, मातीबरोबर थोडं हलतं. घुशीची जुनी बिळं खडी आणि मुरूम ठासून भरा; वरच्या वर माती ढकलली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बाहेर.

जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीच्या दर्जा चुन्यात भरून घ्या. सिमेंटनं भरणारे भेटतील, स्वस्तात करू म्हणतील. मातीच्या भिंतीत ओल कोंडते आणि पाच-सात वर्षांत दगडच सुटायला लागतात.

पत्र्याच्या पन्हळीत आधी जाळीच्या गुंडाळ्या, मग माल. गवाक्षांना आतून जाळी, स्क्रूनं, खिळ्यांनी नाही. सेप्टिक टाकीच्या गॅस पाइपला टोपी आणि जाळी, डासही थांबतात. मोरीच्या तोंडाला बसवलेली जाळी काढून धुता आली पाहिजे. नाहीतर केस अडकून मोरी तुंबते आणि वैतागून घरातलंच कुणीतरी जाळी उपटून फेकतं. चेंबरला नवं झाकण टाका, फुटक्या झाकणावर दगड ठेवून चालत नाही.

दाराखाली ॲल्युमिनियमच्या पट्टीतलं रबर बसवा. हार्डवेअरच्या दुकानात दाराखालची पट्टी म्हटलं की देतात. मागच्या, लाकडी दाराला रबराच्या बाहेरून वीतभर उंचीचा पत्रा मारा. खिडकीजवळच्या फांद्या सहा-आठ फुटांपर्यंत छाटा, वेल भिंतीवरून उतरवून मांडवावर न्या.

सापासाठी म्हणून घराभोवती नायलॉनची मासेमारीची जाळी पसरणारे लोक आहेत. साप तिच्यात अडकून मरतो, जिवंत असला तर चिडलेला असतो, आणि तो सोडवताना माणसाला चावतो. तसंच कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसूण, सर्पगंधेचं रोप, डांबरगोळ्या. यांपैकी कशानंही साप थांबत नाही. कार्बोलिकनं मात्र मुलांची कातडी भाजते.

वानरं

वानरांना भोक लागत नाही, त्यांना दार पुरतं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ही टोळी सकाळी एका गल्लीत, दुपारी दुसऱ्या गल्लीत. टाकीचं झाकण उघडून आत डुंबणं, सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या फोडणं, वाळत घातलेल्या कुरडया फस्त करणं हे त्यांचं रोजचं काम. शनिवारी मारुतीला म्हणून केळी, चणे घालणारे भाविक सगळ्या कॉलनीवर संकट आणतात. हे सांगायला गेलं की वाद होतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशी म्हणाल्या, “देवाचं रूप आहे रे, उपाशी कसं ठेवायचं?” त्यांना एवढंच विचारलं, “मावशी, मग तुमच्या नातवाच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढून नेला तेव्हा काठी का घेतली?” देवळाला दान द्या, वानराच्या हातात खाणं देऊ नका. माणसाच्या हातून खायला शिकलेलं वानर माणसाला भीत नाही, आणि मग त्याच्यावर उपाय उरत नाही.

करायचं काय? टाकीच्या झाकणाला कडी आणि जाड तार किंवा कुलूप. सोलरच्या नळ्यांवर जाळीचा पिंजरा, दोन-तीन इंची चौकट चालते, ऊन अडत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांत अंतर जास्त असेल तर आतून वेल्डेड जाळी, कारण पिल्लू गजांतून सहज आत शिरतं. गच्चीचं दार बंद. फटाक्यांची सवय त्यांना आठवड्यात होते. गलोरीनं दगड मारणं कायद्यात बसत नाही आणि जखमी नर अंगावर येतो. समोर आलं तर डोळ्यात डोळे घालू नका, दात दाखवून हसू नका, पाठ फिरवून पळू नका. हातातलं खाणं टाकून द्या आणि हळूहळू मागं सरा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मुंगूस आणि उदमांजर यांच्या चाव्यालाही हेच लागू.

कोंबड्या, शेळ्या पाळणाऱ्यांना एक सांगणं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडच्या माळरानावर लांडगा आणि खोकड आजही आहेत, आणि उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला तसा बिबट्याही. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती. शेतातल्या वस्तीवर राहत असाल तर खुराडं आणि गोठा वरूनही बंद हवा. चार बाजूंचं कुंपण बिबट्याला पुरत नाही.

साप आत दिसलाच तर

पहिलं काम: मुलं, म्हातारी माणसं, कुत्रं-मांजर त्या खोलीतून बाहेर. दुसरं: घराच्या आतल्या बाजूची दारं लावा आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल ठासा. बाहेर उघडणारं दार असेल तर ते सताड उघडा. तिसरं: एक जण सात-आठ फुटांवरून सापावर नजर ठेवेल. ही नजर सुटली की साप कपाटामागं जातो, आणि मग सर्पमित्र येऊन अख्खं घर उलथंपालथं होतं. काठी नको, फिनाईल नको, रॉकेल नको, मोबाइल घेऊन जवळ जाणं तर नकोच.

फोन सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र मागायला लाजू नका. आकडी आणि पिशवी वापरणारा, साप पिशवीत घालून नोंद करून जाणारा माणूस खरा. गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

आपल्याकडे जीव घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यारीची आणि कवड्याची गल्लत नेहमी होते. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यामागं थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात, बरेचदा जोडीजोडीनं. कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. हे वाचून सापाजवळ जाऊन पट्टे मोजायचे नाहीत. लांबून ओळख पटली नाही तर तो विषारीच समजा.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. चावली तरी बहुधा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण दिसत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर, ओसरीवर झोपणाऱ्यांनी खाट आणि मच्छरदाणी वापरावी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. पहाटे कुणी पोटात दुखतंय, घसा दाटलाय, पापण्या उघडत नाहीत म्हणत उठलं तर आम्लपित्ताची गोळी देत बसू नका. सर्पदंश समजून निघा.

चावा झाला तर १०८ ला फोन, आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटल. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो भाग हलू देऊ नका. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, मांत्रिकाकडे तर वळायचंच नाही. चावल्याची वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. साप मारून न्यायची गरज नाही. दवाखान्यात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठतं का बघतात, डोळ्यांच्या पापण्या तपासतात, आणि प्रतिविष या चारही सापांवर एकच चालतं.

कधी करायचं

फटी एप्रिल-मेमध्ये सर्वांत रुंद आणि स्पष्ट दिसतात, तेव्हा शोधा. बुजवण्याचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आत संपवा, कारण घोणशीची आणि नागाची पिल्लं साधारण त्या सुमारास आणि त्यानंतर बाहेर पडू लागतात, आणि बिळांत पाणी शिरलं की सगळेच उंच जागा शोधतात. सोलापूरचा मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात, म्हणून गौरी-गणपतीच्या साफसफाईत दुसरी फेरी मारा: दाराखालचं रबर कुरतडलंय का, मोरीची जाळी जागेवर आहे का, डांबराचा सांधा उघडलाय का. गावठाणातल्या वाड्यात माळवदावर गवत उगवलेलं असेल तर ते मुळासकट काढा. जाळीचा उरलेला तुकडा आणि पाच किलो सिमेंट कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, गवंडी दिवाळीपर्यंत मिळत नाही.